स्वल्पविरामाची जागा

अब्बांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. रात्री डेपोत हिशेब भरताना एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. असा माणूस मागच्या वर्षी मोबाईल हातात धरून मटकन खाली बसला. घराच्या कर्जाचा आकडा पडद्यावर आला होता : १,२५०,०००.

"अरे, साडेबारा लाख मागितले होते. यांनी सव्वा लाखच दिले की!"

गवंड्याला आगाऊ रक्कम देऊन झाली होती. मी शेजारी बसून शून्यं मोजून दाखवली. रक्कम साडेबारा लाखच होती. फक्त स्वल्पविराम पडले होते अमेरिकन पद्धतीने, दर तीन आकड्यांनी. अब्बांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र लाज वाटली, कारण मी वेबसाइट बनवतो आणि हीच चूक मीही केलेली आहे.

जावास्क्रिप्टमध्ये आकड्याला 'टू-लोकेल-स्ट्रिंग' लावलं की स्वल्पविराम आपोआप पडतात. पण पद्धत कुठली ते सांगितलं नाही, तर ब्राउझर आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो. माझा लॅपटॉप भारतीय इंग्रजीवर, म्हणून मला १२,५०,००० दिसायचं. ज्याचा फोन अमेरिकन इंग्रजीवर, त्याला तीच ओळ १,२५०,००० दाखवते. चूक करणाऱ्याला चूक दिसतच नाही. उपाय एका शब्दाचा आहे : 'एन-आयएन' लिहायचं, चलन 'आयएनआर' सांगायचं. रुपयाचं चिन्ह, लाखांचा स्वल्पविराम, पैशांची दोन घरं, सगळं जागेवर येतं. 'एमआर-आयएन' लिहिलं तर आकडे देवनागरीत येतात.

आणखी दोन खड्डे आहेत. संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा, उत्तरात ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४ येतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी आणि रुपये फक्त दाखवताना करावेत. दुसरं, दाखवण्यासाठी सजवलेला आकडा पुन्हा हिशेबाला घेऊ नये. "१२,५०,०००" असं इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं 'पार्स-इंट'ला दिलं, तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि हाती उरतात बारा. साडेबारा लाखांचे बारा रुपये, आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा स्वल्पविरामाचं काय घेऊन बसलात? पण आपण आकडा वाचत नाही, ओळखतो. लाख, कोटी, सव्वा, दीड, अडीच ही आपली मापं आहेत. भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळे त्यातच बोलतात. स्वल्पविराम हलला की ओळख हलते, आणि शून्यं मोजायला प्रत्येकाच्या शेजारी शिकलेला मुलगा बसलेला नसतो.

चेकवर आपण रक्कम आकड्यांत लिहितो आणि अक्षरांतही. जिथे सामान्य माणसाचा पैसा दिसतो त्या प्रत्येक पानावर आकड्याखाली अक्षरी रक्कम असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम ब्राउझर आयतं करून देत नाही, थोडी मेहनत पडते. ती मेहनत आम्ही घ्यायची. घाम अब्बांना का फुटावा?