एका चिन्हाचे मोल

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात वाई भाषकांची स्वतंत्र लिपी आहे. १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यांनी ती सिद्ध केली. तिच्या जुन्या चिन्हांपैकी ‘जोंग’ या चिन्हाचा अर्थ ‘गुलाम’ असा आहे. नित्याच्या लेखनातून ते मागे पडले. तरीही २००८ साली युनिकोड या जागतिक संगणकीय मानकात वाईच्या ३०० चिन्हांना स्थान मिळाले, तेव्हा ‘जोंग’लाही कायमचा क्रमांक लाभला. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याच्यासाठी हा खटाटोप कशाला, असे व्यवहारी माणूस विचारील.

संगणकाला अक्षर कळत नाही. कळतो तो क्रमांक. वाईतील ‘ए’चा क्रमांक ४२२४० आहे. तो सर्वांनी एकच मानला, तरच मन्रोव्हियात टंकलेले पत्र परदेशी जसेच्या तसे वाचता येते. ही सोय एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही आणि तीपासून कोणास वंचितही ठेवता येत नाही. रस्त्यावरील दिव्याप्रमाणे ती सार्वजनिक वस्तू होय; म्हणूनच खाजगी नफ्याच्या हिशेबात ती बसत नाही. युनिकोडच्या कारभारात बड्या संगणक कंपन्यांचे वजन असले, तरी वाईचा प्रस्ताव सिद्ध केला तो लिपीतज्ज्ञांनी. १९६२ साली लायबेरिया विद्यापीठात या लिपीचे प्रमाणीकरण झाले होते, हेही विसरून चालणार नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. देवनागरीला १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. परंतु ज्या मोडीत महाराष्ट्राची दप्तरे शतकानुशतके लिहिली गेली, तिला २०१४ पर्यंत, म्हणजे वाईनंतरही सहा वर्षे, तिष्ठावे लागले.

अर्थात क्रमांक मिळाल्याने लिपी जगतेच असे नाही. टंक हवेत, कळफलक हवा, मुख्य म्हणजे लिहिणारा हवा. वाई लिपी शाळेपेक्षा आप्तेष्टांकडूनच शिकली जात आली. पत्रे आणि हिशेब तीत लिहिले गेले. तिच्या पाठीशी बाजारपेठ नव्हती, माणसे होती. त्यांच्या हाती नवे साधन देणे हे विद्यापीठांचे आणि शासनांचे कर्तव्य ठरते. ‘गुलाम’ या अर्थाचे चिन्ह निरुपयोगी म्हणून वगळले असते, तर ज्या कागदांवर ते उमटले, ते कागद संगणकापुरते अपुरेच राहिले असते. समाजाची स्मृती ग्राहकसंख्येवर तोलायची नसते.