१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग हातात पगार कमी का येतो?

नवीन जॉबची ऑफर आली की आजकाल बरेच जण आधी फोनवर सॅलरी कॅल्क्युलेटर उघडतात. सीटीसी टाकायचा, बटण दाबायचं आणि येईल त्या आकड्यावर फ्लॅटचं भाडं नि गाडीचा ईएमआय ठरवायचा. त्यात २०२५ च्या बजेटनंतर ‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणजे सगळा पगार हातात’ असं डोक्यात बसलंय. टॅक्सचं खरं आहे. नव्या रिजीममध्ये ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर टॅक्स शून्य. पण माझ्या मते खरा गोंधळ टॅक्सचा नाहीच, सीटीसीचा आहे.

९ लाखांची ऑफर घेऊ. भागिले १२ केलं की ७५ हजार. आता ऑफर लेटरमधला ब्रेकअप बघा. समजा बेसिक ५० टक्के, म्हणजे महिन्याला ३७,५००. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये कंपनीचा पीएफ. तो सीटीसीतूनच जातो! ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण १,८००. व्हेरिएबल १० टक्के असेल तर आणखी ७,५०० बाजूला. ते कधी आणि किती मिळतील हे कंपनी ठरवणार. उरले ६१,२००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साधारण ५६,५००.

इन्कम टॅक्स एक रुपयाही नाही, तरी साडेअठरा हजार गेले. गेले म्हणजे काय, त्यातले ९ हजार पीएफ आणि पेन्शनमध्ये तुमच्याच नावावर जमा होतात. पण घरमालक भाडं पीएफमधून घेत नाही ना!

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, तर वरचा भाग आता वेतनातच धरायचा. म्हणजे बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती अवघड झाली. ‘सगळ्यांचा इन हँड पगार कमी होणार’ असंही तेव्हापासून बोललं जातंय. सरसकट तसं नाही. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल, तर तो १,८०० च राहतो. वरच्या उदाहरणात तसं असतं तर हातात जवळजवळ ६२ हजार आले असते.

कॅल्क्युलेटर तपासायची माझी एक सोपी टेस्ट आहे. नवा रिजीम निवडून त्यात वर्षाचा ग्रॉस पगार १३ लाख टाका. २०२५-२६ साठी बरोबर उत्तर सेससकट २६,००० आहे, कारण १२ लाखांच्या थोडं वर गेलात तर मार्जिनल रिलीफ मिळतो. ॲप ६६,३०० दाखवत असेल तर सरळ डिलीट करा.

आणि ऑफरला हो म्हणायच्या आधी एचआरला मेल टाका: पीएफ पूर्ण बेसिकवर की १५ हजारांवर, आणि व्हेरिएबल दर महिन्याला की वर्षाअखेरीस? उत्तर लेखीच मागा.