गाळणी हवेची, अ‍ॅलर्जी गादीतली

मांजराच्या अ‍ॅलर्जीचे मूळ केसांत नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत ‘फेल डी १’ नावाचे प्रथिन तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ लवेवर वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे कण घरभर जातात. कुत्र्याच्या बाबतीत हेच काम मुख्यतः ‘कॅन एफ १’ करते. यातले बरेच कण जड असल्याने लवकर खाली बसतात. पण काही पाच मायक्रॉनहूनही लहान असतात आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतात.

या तरंगणाऱ्या कणांवरच एअर प्युरिफायरचा सारा दावा उभा आहे. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. मांजराचे कण त्याहून मोठे. म्हणून यंत्र लावले की अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने मांजरासह निर्धास्त राहावे, असा हा पूर्वपक्ष. यातला आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. ९९.९७ टक्के हा हिशेब गाळणीतून गेलेल्या हवेचा आहे, घराचा नाही. प्रथिनाचा मोठा साठा सोफ्यात, गादीत, पायपुसण्यात, कपड्यांवर आणि खुद्द प्राण्याच्या अंगावर असतो, आणि तिथवर यंत्राचा हात पोहोचत नाही. मांजर कायमचे घराबाहेर गेले तरी धुळीतले प्रमाण पुरते उतरायला चार ते सहा महिने लागतात. ज्या घरांत कधीच मांजर नव्हते तिथेही हे प्रथिन सापडते, कारण ते माणसांच्या कपड्यांवरून प्रवास करते.

सोफ्यावर मांजर उडी मारते तेव्हा काय घडते ते पाहावे. उशी दबते, तिच्यातली हवा बाहेर फेकली जाते आणि तिच्याबरोबर बसलेली धूळ वर येते. शेजारी बसलेल्याचे नाक हातभर अंतरावर असते आणि यंत्र खोलीच्या कोपऱ्यात. कण गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी श्वासात गेलेले असतात.

याचा पडताळा प्रयोगातही मिळाला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये मांजराची अ‍ॅलर्जी असूनही मांजर पाळणाऱ्या ३५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या झोपण्याच्या खोलीत खरे हेपा यंत्र होते, काहींच्या खोलीत नुसते दिखाऊ. खऱ्या यंत्राने हवेतले प्रथिन घटवले. मात्र बसलेल्या धुळीत आणि रुग्णांच्या त्रासात लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणून यंत्र निरुपयोगी ठरते का? तेही खरे नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये दम्याच्या मोजक्या मुलांवर झालेल्या अभ्यासात बैठकीच्या आणि झोपण्याच्या अशा दोन्ही खोल्यांत यंत्रे चालवल्यावर श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता कमी झाली. तेव्हा यंत्राला जागा आहे, पण ती शेवटच्या पायरीवर. आधी झोपण्याची खोली प्राण्याला पूर्ण बंद हवी. गादी-उशीला घट्ट विणीचे अभ्रे हवेत, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुतलेल्या हव्यात. मराठी घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा सहसा नसतो, हा मोठाच फायदा; फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. कोरडा झाडू मात्र बसलेले सगळे पुन्हा हवेत उडवतो. प्राण्याला आंघोळ घातल्याचा गुण थोडकाच टिकतो: मांजराच्या बाबतीत आठवडाभरात प्रमाण पूर्ववत होते, कुत्र्याला आठवड्यातून दोनदा न्हाऊ घालावे लागते.

एवढे झाले की यंत्र निवडावे, तेही मापाने. शुद्ध हवा देण्याचा दर, म्हणजे सीएडीआर, खोलीला पुरेसा हवा. १० बाय १२ फुटांच्या, आठ फूट उंचीच्या खोलीला ताशी सुमारे १३६ घनमीटर लागतात. छत १० फुटांवर असेल तर १७०. हा दर सर्वांत वरच्या वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून यंत्र मंद ठेवले की तो बराच घसरतो. म्हणून मापापेक्षा मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे शहाणपणाचे. खिडक्या सताड उघड्या असतील तर बाहेरची हवा सतत आत येत राहते आणि दराला अर्थ राहत नाही. छताचा पंखा जोरात फिरत असेल तर बसलेली धूळ वर येते.

ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घरात आणूच नयेत. ओझोन श्वासनलिकांचा दाह वाढवतो, आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा धोका सर्वाधिक. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दशलक्ष भागांत ०.०५० भाग अशी कायदेशीर मर्यादा आहे. आयन सोडणारी काही यंत्रे कणांना विद्युतभारित करून भिंतींवर आणि फर्निचरवर बसवतात. तिथून ते पुन्हा उडू शकतात.

खरा धोका खोट्या भरवशाचा आहे. यंत्र आणले म्हणून मुलाचा इनहेलर बंद करणे, रात्रीच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करणे, पुन्हा मांजराला कुशीत झोपू देणे, या गोष्टी घरोघरी घडू शकतात आणि दम्यात त्या जिवावर बेततात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी व्हावे. एवढी काळजी घेऊनही धाप थांबत नसेल, तर प्राण्यासाठी दुसरे प्रेमळ घर शोधणे भाग आहे. आणि त्यानंतरही काही महिने गाद्या-सोफ्यांची सफाई चालू ठेवावी लागते.