पूर्वज्ञानाचा रकाना

सोयाबीनची मळणी उरकली, रानातली हळद कमरेएवढी झाली आणि केळीच्या गाड्या नांदेड रस्त्याला लागल्या की डोंगरकड्यात दिवाळी आल्याचं कळतं. आमच्या दिवाळी अंकाची शेवटची प्रुफंही नेमकी तेव्हाच येतात. यंदाचा अंक शाळेवर आहे, त्यातही उद्या शिक्षक होणाऱ्या मुलामुलींवर. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

डी.एड.ला असताना सरावपाठ घ्यायला मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत जात होतो. पाठाच्या टाचणात पूर्वज्ञान नावाचा एक रकाना असतो. मुलांना आधीच काय ठाऊक आहे ते तिथं लिहायचं आणि त्यावर नवा पाठ उभा करायचा. आम्ही सगळे तो रकाना मागच्या तुकडीच्या वह्यांवरून उतरवून काढायचो. दुसरीला ‘माझे घर’ शिकवायचं होतं. मी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना घरातील व्यक्ती व वस्तूंची नावे माहीत आहेत.’ मार्गदर्शक सर वही घेऊन मागच्या बाकावर बसलेले. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीला मी भाकरीचं चित्र दाखवलं. हे काय? ती गप्प. आईचं चित्र दाखवलं, तरी गप्प. मी पुढच्या मुलाकडे वळलो आणि संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं, ‘अबोल. घरी अभ्यास होत नाही.’

त्यानंतर दिवाळीच्या अमावस्येला एका मित्राबरोबर त्याच तांड्यावर गेलो. बंजारा समाजात ही काळी मावस. त्या रात्री कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघर जातात, थोरांना ओवाळतात आणि गात गात ‘मेरा’ मागतात. दुसऱ्या दिवशी रानातून फुलं आणून शेणाचं गोधन सजवतात. त्या घोळक्यात मोठ्या मुलींच्या वर आवाज काढून जी गात होती, ती माझी अबोल मुलगी. बंजारांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी. तिला घरातल्या व्यक्ती व वस्तूंची नावं पाठ होती. रकाना माझा कोरा होता.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांनाही गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलं आणि मग ते शिकायला औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, अशी कथा आहे. मला कच्चं ठरवायला सात वर्षांची पोर पुरली.

2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे हीच बंजारांची बोली, मातृभाषा सांगणारे 32 लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांची मोजदाद हिंदीच्या खात्यात झाली. म्हणजे सरकारी कागदावर हिंदी, शाळेत मराठी आणि चुलीपुढे गोरबोली. आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या वर्गात तांड्यावरची मुलं असतात, आंध आदिवासींची असतात, घरी दखनी उर्दू बोलणारी असतात, बुद्धविहारात वंदना म्हणून येणारी असतात. शिवाय दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर निघून जाणारीही असतात. गावात राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पण फडावरून चार महिन्यांनी परतलेल्या मुलाला आपण काय विचारतो? ‘इतके दिवस कुठं होतास?’ ऊस मोजायला, मोळी बांधायला, बैलांना चारा घालायला तो काय काय शिकून आला, हे टाचणात कुठंच येत नाही.

याबाबतीत मराठवाड्याने तरी जास्त शहाणं असायला हवं. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांत शिकायचं तर उर्दूतून. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. घरी मराठी बोलणारी आमच्या आजोबांची पिढी त्या बाकांवर बसली आणि ते जड ओझं आयुष्यभर सांगत राहिली. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडा फडकवताना आपण ते आठवतो. तांड्यावरचं पोर मात्र आपल्या मराठी वर्गात आज त्याच बाकावर बसलंय, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मला हा आपला सगळ्यात मोठा विसराळूपणा वाटतो.

शिकलेलं बाजूला ठेवून पुन्हा शिकणारी माणसं महाराष्ट्रात झाली आहेत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि 1957 पासून दोघी कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, खडे, पानं आली. अलीकडचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड. रणजितसिंह डिसले गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तकं त्या भाषेत नेली. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा चर्चा त्यांनी पुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची झाली. कन्नड शिकण्याच्या मेहनतीला तेवढी जागा मिळाली नाही.

मुलाच्या मातृभाषेतून शिकवा, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही आहे. ‘शक्य असेल तिथवर’ या शेपटासह. बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात सर्वसमावेशक शाळेवर वेगळा विषय आला. तो गाईडमधून पाठ करून चांगले गुण मिळवता येतात. मीही मिळवले असते.

या अंकात शिक्षकांचे, तांड्यावरच्या आणि गावातल्या पालकांचे लेख आहेत. कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेत, राशिभविष्यही आहे. ते काढलं तर आमच्या मातोश्री अंक हातात धरणार नाहीत.

शेवटची दोन पानं मात्र मुद्दाम कोरी ठेवली आहेत. त्यावर दोनच रकाने आखलेत, ‘घरातला शब्द’ आणि ‘शाळेतला शब्द’. डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्या वाचकांनी ती फाडून सरावपाठाच्या शाळेत न्यावीत, मुलांना विचारून भरावीत आणि दसऱ्याच्या आत आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या दिवाळीला ती तशीच छापू. पहिल्या ओळीत याडी आणि बाटी लिहून ठेवलंय.