धुतलेल्या डब्यांचं चित्रण

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला ग्राफिटीने रंगवलेला शेवटचा डबा १२ मे १९८९ रोजी सेवेतून काढण्यात आला. त्याआधीची पाच वर्षं रेल्वेने एक साधा नियम कसोशीने पाळला होता: एकदा साफ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला, तर तो साफ केल्याशिवाय प्रवाशांसाठी सोडायचा नाही. काटेरी कुंपणं आणि पहाऱ्याची कुत्री यांना जे साधलं नव्हतं, ते या नियमाला साधलं. रात्री यार्डात घुसणाऱ्या पोरांना सकाळी आपलं नाव शहरभर धावताना पाहायचं असे. तेच बंद झालं. रेल्वेचं हे वागणं योग्यच होतं. पण टोनी सिल्व्हर आणि हेन्री शॅलफंट यांनी या पोरांवर 'स्टाइल वॉर्स' (१९८३) हा माहितीपट केला, तेही तितकंच योग्य होतं.

यावरचा आक्षेप लेचापेचा नाही. रेल्वेने हिरावून घेतलेला प्रेक्षक माहितीपटाने कायमचा मिळवून दिला, असं म्हणता येतं. युरोपातल्या पोरांनी हा माहितीपट पाहून धडे गिरवले, हेही खरं. ऑक्टोबर २०२२मध्ये अहमदाबादच्या नव्याकोऱ्या मेट्रोचे डबे रंगवल्याच्या आरोपावरून चार इटालियन नागरिकांना अटक झाली. गाड्या रंगवण्याच्या या वेडाचं मूळ न्यूयॉर्कमध्येच सापडतं. तरीही 'स्टाइल वॉर्स'ला गौरवपट म्हणायचं तर तो अर्धाच पाहावा लागेल. त्यात महापौर एड कॉच आहेत, वैतागलेले प्रवासी आहेत आणि स्कीम नावाच्या मुलाला कॅमेऱ्यासमोरच फैलावर घेणारी त्याची आई आहे. शिवाय इतरांच्या चित्रांवर बेधडक आपलं नाव फासणारा कॅप आहे. त्याच्यावर बाकीचे जे खवळतात, ते पाहण्यासारखं आहे: दुसऱ्याच्या डब्यावर बिनदिक्कत रंग मारणारे स्वतःच्या चित्रावर फराटा आला की थेट मालकासारखे बोलू लागतात! रेल्वेच्या कुठल्याही भित्तिपत्रकाने त्यांना इतकं उघडं पाडलं नसतं. मॅनफ्रेड किर्शहायमर यांच्या 'स्टेशन्स ऑफ द एलिव्हेटेड' या याच विषयावरच्या माहितीपटात निवेदन नाही, मिंगसच्या जॅझवर गाड्या नुसत्या धावतात. दिसायला तो सरस. पण आक्षेप घ्यायचाच, तर तो त्यालाच अधिक लागू पडेल. 'स्टाइल वॉर्स' चित्रांबरोबर भांडणही नोंदवतो. अनुकरणाच्या भीतीने तो झालाच नसता, तर आज उरलं असतं ते फक्त जिंकलेल्या बाजूचं म्हणणं आणि काही देखणी छायाचित्रं. त्या आईचं बोलणं कुठल्याच छायाचित्रात आलं नसतं.