'केलेला' युरोप

हल्ली फराळाच्या ताटाभोवती चकलीच्या बरोबरीने एक वाक्य हमखास कुरकुरते : "यंदा आम्ही युरोप केला!" कोणी बारा दिवसांत आठ देश 'केलेले' असतात, कोणी दहा दिवसांत नऊ शहरे. पॅरिस कसे वाटले म्हणून विचारावे, तर "पॅरिस ना? झाले की!" असे उत्तर मिळते. जणू पॅरिस ही दुखरी दाढ होती. काढून टाकली, सुटलो!

या 'करण्या'विरुद्ध माझी तक्रार आहे. ती सणाच्या दिवशी मांडतो, कारण पुढच्या उन्हाळ्याचे बेत याच दिवसांत शिजू लागतात.

आपल्यापैकी बहुतेकांना युरोप घडलाच तर आयुष्यात एकदा घडतो. प्रॉव्हिडंट फंडाचा एक लचका तुटतो, तेव्हा कुठे तिकिटे हाती येतात. आणि एवढ्या पैशांत आपण विकत काय घेतो? भल्या पहाटे दारावरची थाप, बसच्या काचेमागून पळणारी शेते, आणि "वीस मिनिटांत परत या" हा हुकूम! घरी ज्या धावपळीला आपण विटलेलो असतो, तीच धावपळ परदेशी चलनात मोजून घेतो.

उदाहरणादाखल व्हिएन्ना घ्या. सहलीच्या कागदावर त्याच्या वाट्याला एखादी दुपार येते. राजवाडा बाहेरून, सेंट स्टीफनचे चर्च बाहेरून, की चला बसमध्ये. आता तेथेच आठ दिवस राहणाऱ्याच्या पदरात काय पडते ते पाहा.

सकाळी तो कोपऱ्यावरच्या कॉफीगृहात जातो. कॉफी येते ती छोट्या तबकातून, सोबत पाण्याचा पेला. वर्तमानपत्रे लाकडी दांडीला लावून ठेवलेली असतात; हवे ते उचलावे. एका कपावर दोन तास बसा, वेटर उठा म्हणत नाही. मागितल्यावाचून बिलदेखील आणत नाही. तिसऱ्या दिवशी तो तुम्हांला ओळखू लागतो, आणि परक्या मुलखात ओळखीची एक मान हलली की जिवाला किती बरे वाटते म्हणता! ऑस्ट्रियाने ही कॉफीगृहाची संस्कृती २०११ साली आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदवली. निवांत बसणे हा तेथे वारसा ठरतो. आपण बसणाऱ्याला रिकामटेकडा म्हणून मोकळे होतो.

१८७६ साली उघडलेल्या 'काफे सेंट्राल'मध्ये पेटर आल्टेनबर्ग हा लेखक इतका रमे की त्याने आपला पत्ता म्हणून त्याच कॉफीगृहाचे नाव दिले होते. आज त्याच दारापुढे प्रवाशांची रांग लागते. तासभर रांगेत उभे राहायचे, आत जाऊन केकचे छायाचित्र काढायचे आणि घाईने उठायचे. जी जागा बसण्यासाठी प्रसिद्ध झाली, तिथे बसायलाच सवड नाही!

तो पाण्याचा पेलाही साधा समजू नका. १८७३ पासून हे शहर आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी पिते. ते डोंगरातून नुसत्या उतारावर वाहत येते. नळाला तेच येते. बसमधला प्रवासी मात्र बाटली विकत घेतो, कारण नळाशी ओळख व्हायला मुक्काम लागतो.

संध्याकाळी सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. पूर्वी रसिक कठड्याला रुमाल बांधून आपली जागा राखत. संगीत नाटकांवर जीव टाकणाऱ्यांच्या नातवंडांना ही रसिकता परकी का वाटावी? आणि एखाद्या दुपारी ७१ क्रमांकाची ट्राम धरावी. ती मध्यवर्ती दफनभूमीला जाते, जिथे बेथोव्हन आणि शूबर्ट जवळजवळ विसावले आहेत. कोणी वारले की व्हिएन्नाचे लोक थट्टेने म्हणतात, "त्याने ७१ पकडली." असली थट्टा गाइडच्या भोंग्यातून कळत नाही, त्यासाठी ट्राममध्ये बसावे लागते.

यावर ठरलेला प्रश्न येतो : "पुन्हा थोडेच येणार आहोत? मग सगळे पाहून घेऊ नये का?" अहो, पुन्हा येणार नाही म्हणूनच! पंगत एकदाच मिळणार म्हणून कोणी प्रत्येक पदार्थ नुसता हुंगून पुढे सरकत नाही. वडीलधाऱ्यांना सोबत हवी, भाषेची अडचण असते, हे मान्य. त्यांनी सोबत जरूर घ्यावी. पण सोबत आणि घाई या दोन निराळ्या वस्तू आहेत, त्या एकाच पुडीत घेतल्या पाहिजेत असे नाही.

आणि हे शहाणपण काही परदेशातून आणायचे नाही. आळंदीहून पंढरपूर मोटारीने काही तासांचे काम. तरी लाखो वारकरी सुमारे तीन आठवडे पायी चालतात, मुक्कामामागून मुक्काम करतात, वाटेतल्या झाडाखाली बसून भाकरी खातात. वाट हीच त्यांची यात्रा असते. "पंढरपूर झाले की!" म्हणणारा वारकरी मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा यंदा बेत करायला बसाल, तेव्हा यादीतली सात नावे बेलाशक खोडा. आणि सहलवाल्याला शहरे किती दाखवणार, हे विचारू नका. एकाच शहरात सकाळी किती मिळतील, ते विचारा.