कार्ड पाहून पाय पसरावे

‘लिनक्स ते लिनक्स! लॅपटॉपवर चालतं तेच रास्पबेरी पायवर टाका,’ असं छातीठोकपणे सांगणारे जाणकार पैशाला पासरी मिळतात. त्यांतला एक पंथ उबुंटूचा आख्खा डेस्कटॉप सुचवतो. दुसरा ‘सगळ्यांत हलकी’ सिस्टिम शोधत फिरतो. तिसरा ६४-बिटच्या खाली बोलायलाच तयार नसतो. तिघांची गल्लत एकच. निवड करायची ती हातातला बोर्ड, म्हणजे तो छोटा संगणकच, आणि त्यात खोचलेलं एसडी कार्ड बघून. हे मात्र सिस्टिमचे गुण गात बसतात.

साध्या पीसीवर त्याच्यासाठी बनलेली कुठलीही इमेज सहसा चालते, कारण तिथे बायोस हार्डवेअरची ओळख करून देतो. पायवर तशी सोय नाही. वीज मिळाली की तिथे आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा भाग. तो कार्डावरच्या फायली वाचतो आणि मग कुठे मुख्य प्रोसेसरच्या हाती कर्नल येतो. म्हणजे या बोर्डासाठी कर्नल आणि हार्डवेअरचं वर्णन कोण नीट सांभाळतंय, हे पाहिल्याशिवाय बाकीची चर्चा फोल आहे.

उत्तर म्हणून उत्पादकाचीच सिस्टिम सुचवली की लगेच आक्षेप येतो की उत्पादक आपलंच घोडं पुढे दामटणार. इतिहास जरा वेगळा आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पहिला पाय विक्रीला आला, तेव्हा त्यात २५६ एमबी रॅम आणि एआरएमव्ही६ जातीचा प्रोसेसर होता. डेबियन या लिनक्सची वेगवान आवृत्ती एआरएमव्ही७ मागत होती. जी चालत होती ती अपूर्णांकांची गणितं, हार्डवेअरमध्ये सोय असूनही, सॉफ्टवेअरने रेटत होती. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजेस या प्रोसेसरसाठी नव्याने कंपाइल केली, त्यातून रास्पबियन उभी राहिली. हे काम उत्पादकाच्या दारात झालेलं नव्हतं. २०२० मध्ये तिला रास्पबेरी पाय ओएस हे नाव मिळालं. आणि उबुंटू? पहिल्या पायवर आणि ५ डॉलरला आलेल्या पाय झीरोवर ती चालतच नाही. आवडीनिवडीचा प्रश्न तिथेच मिटतो.

६४-बिटवाल्यांचं म्हणणं ४ जीबीच्या बोर्डावर मला बिनशर्त मान्य आहे. पण झीरो टू डब्ल्यूचा प्रोसेसर ६४-बिटचा असला तरी रॅम ५१२ एमबीच आहे. तिथे प्रत्येक पॉइंटर चारऐवजी आठ बाइट खाऊ लागला की ऐपतीपेक्षा खर्च वाढतो. एखादं सॉफ्टवेअर फक्त ६४-बिटमध्येच मिळत असेल तर गोष्ट निराळी. हलकेपणाच्या भक्तांना एवढंच सांगणं, की तुमची लाडकी डाएटपाय मुळात डेबियनच आहे. वजन असतं ते डेस्कटॉपचं आणि ब्राउझरचं. ते नको असेल तर रास्पबेरी पाय ओएसची अधिकृत लाइट आवृत्ती घ्यावी आणि एसएसएचने काम करावं.

खरं मरण कार्डाचं आहे, आणि त्यावर हे पंथ अवाक्षर काढत नाहीत. एसडी कार्डातली जागा पुसली जाते ती मोठमोठ्या ठोकळ्यांनी. लॉगची एक ओळ लिहायची तरी आतला कंट्रोलर बराच मजकूर इकडचा तिकडे करतो. नेमकी तेव्हाच वीज गेली की लॉगशी सुतराम संबंध नसलेली फाइलही बिघडू शकते. जिथे भारनियमन पाचवीला पुजलेलं आहे अशा गावच्या शाळेत किंवा पंपघरात हा रोजचा धोका आहे. रास्पबेरी पाय ओएसमध्ये रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करता येते. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही. बदल रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्टबरोबर नाहीसे होतात. नोंदी टिकवायच्या असतील तर त्या दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर पाठवाव्या लागतात.

यातही एक मेख आहेच. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांत घड्याळाची चिपच नाही. नेटवर्कवरून वेळ मिळाली नाही तर सिस्टिम शेवटी नोंदलेल्या वेळेपासून पुढे मोजते. ओव्हरले चालू असेल तर ती नोंदही गोठते, आणि पाय दर वेळी जुन्याच तारखेला जागा होतो. मग तापमानाच्या नोंदी भलत्याच दिवसाखाली पडतात आणि सुरक्षित संकेतस्थळं ‘प्रमाणपत्र अजून लागू नाही’ म्हणून दार लावतात. डीएस३२३१ चिपचं छोटं मॉड्यूल बसवलं की हे थांबतं.

तेव्हा माझा कौल रास्पबेरी पाय ओएस लाइटला, तोही ओव्हरलेसकट. टीव्हीला जोडून फक्त सिनेमे पाहायचे असतील तर लिब्रेइलेक घ्या, उगाच तत्त्वाला चिकटून बसू नका. सगळा कारभार रॅममध्ये चालवायची हौस आणि सवड असेल तर अल्पाइनही उत्तम.

ऑरेंज पायसारखे पर्यायी बोर्ड घेणाऱ्यांना मात्र हा कौल जसाच्या तसा लागू नाही, कारण ही इमेज तिथे बूटच होत नाही. हार्डवेअर चांगलं, किंमत कमी, पण बोर्डाबरोबरचा कर्नल जुनाट आणि वाली कोणी नाही, असं झालं की चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. पैसे मोजण्याआधी अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियनच्या यादीत ते नेमकं मॉडेल आहे का आणि त्याला कोणी सांभाळतंय का, हे बघून घ्यावं. नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगावं.